पॅसिव्ह रडारवर विमान दिसत नाही? थेट सिग्नल काढताना या चुका टाळा

आमच्या निपाणीत स्लॅबवर अँटेना लावून विमानं शोधणारी पोरं फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, एलएमएस काढून ईसीए टाकू का?" हे दोन्ही रेडिओ केंद्राचा थेट सिग्नल वजा करणारे सॉफ्टवेअर फिल्टर. मी म्हणतो, प्रोग्रॅम राहू दे, आधी स्लॅबवर चल.

पॅसिव्ह रडार स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. आकाशवाणी कोल्हापूरचं 102.7 मेगाहर्ट्झवरचं प्रसारण विमानावर आपटून परत येतं, ते आपण धरतो. एक अँटेना केंद्राकडे, ती रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठी मूळ सिग्नल घेणारी, दुसरी आकाशाकडे. अडचण अशी की दुसरीतही केंद्राचा थेट सिग्नल घुसतो, आणि तो प्रतिध्वनीच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही मोठा असतो. 1935 साली इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या शॉर्टवेव्हवर विमान पकडलं, तेव्हाही थेट सिग्नल आधी दोन अँटेनांच्या जोडणीतच मारला होता. संगणक नव्हताच. तो क्रम आजही सोडू नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, 49.6 वर नेऊन ठेवणं. आरटीएल डाँगल म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर; त्याचा सिग्नलचे आकडे करणारा कनव्हर्टर 8 बिटचा. थेट सिग्नलनं तो भरला की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि कापलेली लाट रेफरन्सशी जुळत नाही. मग कुठलाच फिल्टर ती वजा करू शकत नाही. शेंडे शाबूत राहतील इतका गेन उतरवा. प्रतिध्वनी बारीक झाला तरी चालेल, एक सेकंदाचा सिग्नल जुळवून बेरीज केली की तो वर येतो.

मग अँटेनाची दिशा. मी यागीची (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) पाठ कोल्हापूरकडे केली, तरी पातळी उतरेना. दोन संध्याकाळी केबल तपासण्यात गेल्या. शेवटी लक्षात आलं, समोरच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावरून केंद्राचा सिग्नल उलटून यागीच्या तोंडात येत होता. यागी थोडी थोडी फिरवत पातळी बघत गेलो, वखारीपासून बरीच वळल्यावर एकदम 20 डेसिबल उतरली. नकाशावरची दिशा बघून अँटेना बांधू नका, पातळी बघून बांधा.

दोन सुटे डाँगल वापरत असाल तर दोघांना एकच क्लॉक (ताल देणारा ठोका) द्या. क्रिस्टलमध्ये एक पीपीएमचा (दहा लाखात एक) फरक म्हणजे इथं जवळपास 103 हर्ट्झ. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरायला आलेलं, सेकंदाला 70 मीटर वेगाचं विमान जास्तीत जास्त 48 हर्ट्झ डॉपलर (वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) देतं. क्लॉक एक झालं तरी दोन्ही डाँगल एकाच क्षणी सुरू होत नाहीत. दर वेळी कोरिलेशन करून, म्हणजे एक सिग्नल दुसऱ्यावर सरकवून जुळणी बघून, नमुने जुळवून घ्या.

बातम्या चालू असताना चाचणी घेऊ नका. निवेदक थांबला की बँडविड्थ (सिग्नलनं व्यापलेली फ्रिक्वेन्सीची रुंदी) आक्रसते आणि अंतर पसरट दिसतं. गाणी लागू द्या.

आता फिल्टर. वाऱ्यानं ऊस हलतो आणि त्याचा प्रतिध्वनीही किंचित डॉपलर घेऊन येतो, म्हणून शून्याच्या आसपासचा एखादा हर्ट्झही काढावा लागतो, हे बरोबर. पण त्यासाठी सेकंदाचे दहा तुकडे करून प्रत्येकावर वेगळा फिल्टर चालवला, तर शून्याभोवती सुमारे 10 हर्ट्झचा खड्डा पडतो आणि सावकाश डॉपलर असलेलं विमानही त्यात जातं. तुकडे मोठे ठेवा.

आणि कोल्हापूर-निपाणी रेषा ओलांडताना विमान गायब झालं, तर काही बदलू नका. तिथं त्याचा डॉपलरच शून्य होतो. शेजारी 1090 मेगाहर्ट्झचा एडीएस-बी रिसीव्हर (विमान स्वतः पाठवतं ती आपली जागा पकडणारा) लावून ठेवा. विमान रेषेपलीकडे गेलं की ठिपका परत येतो का, ते त्यावरून ताडता येतं.