सांगलीकराने स्कूबाचे साहित्य कोठून घ्यावे : मोबाइलवरून की मालवणच्या दुकानातून?

सांगलीत क्रिकेटची बॅट घ्यायची असेल, तर दुकानात जाऊन ती हातात धरून, दोन-चार वेळा फिरवून मगच पैसे मोजता येतात. स्कूबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचे साहित्य असे हाताळून घेता येईल असे दुकान शहरात निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यामुळे येथील बहुतेक नवखे डायव्हर पहिली खरेदी मोबाइलवरून करतात आणि त्यातील चुका समुद्रावर पोहोचल्यानंतर उघड होतात. या लेखात ‘स्थानिक दुकान’ याचा अर्थ ज्या पाण्यात आपण उतरणार आहोत त्या पाण्याजवळचे दुकान किंवा डाइव्ह केंद्र असा घेतला आहे. सांगलीकरासाठी ते मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात असते, फार तर पुण्या-मुंबईत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात एकदा प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली जाऊन येण्यासाठी काहीही विकत घेण्याची गरज नाही, कारण सर्व साहित्य केंद्राचेच असते. खरेदीचा विचार ओपन वॉटर अभ्यासक्रम पूर्ण करून १८ मीटरपर्यंत उतरण्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर, आणि वर्षातून किमान एक-दोन वेळा समुद्रावर जाणे होणार असेल तरच करावा. हा अभ्यासक्रम तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत करा किंवा खासगी केंद्रात करा, पण त्या दिवसांत एक छोटी वही जवळ ठेवा. आज कोणत्या कंपनीचा मास्क लावला, तो गळला का, कोणत्या मापाचा वेटसूट (ऊब राखणारा घट्ट रबरी पोशाख) काखेत काचला, खाली जाण्यासाठी कमरेला किती किलो वजन लागले, हे रोज लिहून ठेवा. केंद्राच्या साहित्यावर होणारी ही चाचणी फुकट असते आणि पुढे ऑनलाइन घ्या किंवा दुकानातून घ्या, त्या वहीइतका उपयोगी सल्लागार दुसरा मिळत नाही.

पहिली खरेदी मास्कची असावी आणि ती प्रत्यक्ष चेहऱ्याला लावूनच करावी. यात मी स्वतः फसलो आहे. एका संकेतस्थळावर स्वस्त आणि देखणा दिसला म्हणून मागवलेला माझा पहिला मास्क मालवणला बोटीवरून उडी मारताच वरच्या ओठापाशी गळू लागला आणि तो सबंध डाइव्ह मी मास्कमधील पाणी नाकाने फुंकून बाहेर काढण्यात घालवला. मास्कचा दोष म्हणावा तर तसा काही नव्हता, तो माझ्या चेहऱ्याचा नव्हता इतकेच. दुकानात परीक्षा सोपी असते. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर अलगद टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावेत. श्वास रोखून धरलेला असेपर्यंत मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप जुळले, कडेने हवा शिरून तो खाली घसरला तर दुसरा घ्यावा. ही परीक्षा स्नॉर्कलचा (पृष्ठभागावर श्वास घेण्याच्या नळीचा) किंवा रेग्युलेटरचा (सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्राचा) तोंडाकडील भाग दातांत धरूनही करावी, कारण ओठ पुढे आले की गालाची ठेवण बदलते. भरघोस मिशा राखणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही. त्यांनी ही परीक्षा दोनदा करावी, कारण मिशांच्या केसांतून पाणी हमखास वाट काढते. त्यावर मिशांची नाकाखालची किनार थोडी कातरून घेणे किंवा तेथे सिलिकॉन ग्रीस लावणे हाच उपाय आहे.

मास्कची काच टेम्पर्ड असावी, कडा मऊ सिलिकॉनची असावी आणि नाक मास्कच्या आत येत असावे. खोल जाताना बाहेरचा दाब वाढतो तेव्हा नाकाने थोडी हवा सोडून मास्कच्या आतील दाब सारखा करावा लागतो. नाक बाहेर राहणारा पोहण्याचा गॉगल स्कूबासाठी म्हणूनच चालत नाही, आणि सबंध चेहरा झाकणारा पर्यटकी स्नॉर्कल-मास्कही चालत नाही, कारण त्यात रेग्युलेटर तोंडात धरता येत नाही, मग ऑनलाइन जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. चष्मा असणाऱ्यांनी दोन स्वतंत्र काचांचा मास्क पाहावा, कारण अशा काही मॉडेलमध्ये नंबरच्या तयार काचा बसवता येतात. या काचा साधारणतः अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांत सिलिंड्रिकल नंबर धरलेला नसतो. त्यामुळे चष्म्याचा कागद खिशात ठेवूनच दुकानात जावे. सौम्य नंबर असणाऱ्यांचे पुष्कळदा साध्या काचेवरही भागते, कारण पाण्याखाली वस्तू मुळातच जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात.

फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) आणि वेटसूट यांबाबत थोडी सवलत घेता येते. पूर्ण पाऊल झाकणारे फिन्स बुटाच्या युरोपीय मापाने मिळतात, पण आपल्याकडील रुंद पंजांना ते अनेकदा बोटांपाशी आवळतात. मागे पट्टा असलेले फिन्स घ्यायचे असतील तर आत घालायचे निओप्रीनचे (वेटसूटच्या मऊ रबराचे) बूट आधी घ्यावेत आणि ते पायात घालूनच फिन्सचे माप पाहावे. आपल्या किनाऱ्यावरील कोमट पाण्यात ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट सर्वसाधारणपणे पुरतो. छाती, कंबर, नितंब आणि उंची शिंप्याकडून मोजून घेऊन तो ऑनलाइन मागवता येतो, परंतु एकदा अंगाला लावलेला सूट परत घेतला जाईल का, हे आधी वाचावे. सूट कोरडा असताना घट्टच वाटला पाहिजे. पाठीच्या खोलगट भागात पोकळी राहिली तर तेथे पाणी खेळत राहते आणि सूट असून नसल्यासारखा होतो.

रेग्युलेटर ही वस्तू मात्र निराळ्या जातीची आहे. सिलिंडरमधील सुमारे २०० बार (साध्या हवेच्या जवळपास २०० पट) दाबाची हवा त्याच्या पहिल्या टप्प्यात उतरून भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इतकी होते आणि दुसऱ्या टप्प्यातून आपण श्वास घेऊ तेव्हा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडात येते. हा मधला दाब मोजून जुळवावा लागतो, तो काळाने सरकतो आणि आतील रबरी कड्या झिजतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतार घेणाऱ्याला हे पटकन उमजेल. जवारी काढणाऱ्याचा (घोडी घासून तारांचा नाद जुळवणाऱ्याचा) हात ज्या वाद्याला पुन्हा लागणार नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी जाणकार घेत नाही. रेग्युलेटर विकत घेताना किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न म्हणूनच एवढाच आहे की, याची सर्व्हिसिंग कोण करणार, कोठे करणार आणि सुटे भाग त्याला मिळतात का. उत्पादक कंपन्या सर्व्हिसिंगचा कालावधी पुस्तिकेत देतात, बहुधा तो एक किंवा दोन वर्षांचा असतो, आणि अनेक कंपन्यांचे सुटे भाग अधिकृत तंत्रज्ञालाच मिळतात. परदेशी संकेतस्थळावरून काही हजारांनी स्वस्त आणलेल्या रेग्युलेटरची वॉरंटी भारतात लागू नसेल, तर ती बचत पहिल्याच सर्व्हिसिंगला संपते.

दुसरी बाब जोडणीची. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर रेग्युलेटर बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. योक पद्धतीत तो शिकंजासारखा वरून कसला जातो, तर डिन पद्धतीत आट्यांनी आत फिरवून बसतो. ज्या केंद्राबरोबर आपण नेहमी जाणार, तेथील सिलिंडरांना कोणता व्हॉल्व्ह आहे हे फोन करून विचारावे आणि मगच मागणी नोंदवावी. जोडणी बदलणारा अडॅप्टर मिळतो, पण तो लागणार हे बोटीवर कळून उपयोग नाही. बीसीडी म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगण्याचे नियमन करणारे जॅकेट, तेही रेग्युलेटरप्रमाणेच स्थानिक दुकानातून, वेटसूट घालून आणि शक्य असल्यास सिलिंडर पाठीवर चढवून पाहावे. जुन्या वस्तूंच्या ॲपवरील रेग्युलेटर आणि बीसीडी मी सुचवणार नाही. घ्यायचेच असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत आधी मिळवून मग सौदा करावा.

डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारे मनगटी यंत्र, चेहऱ्याच्या किंवा पायाच्या मापावर अवलंबून नसल्यामुळे तो अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन घेण्यास हरकत नाही. बॅटरी स्वतः बदलता येते का, हे पाहावे. ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांनी पडद्यावरील आकडे किती मोठे दिसतात हे कोणाच्या तरी मनगटावरील कॉम्प्युटरवर आधी वाचून पाहावे. सांगलीकराने त्यातील आणखी एक सोय लक्षपूर्वक पाहावी, ती म्हणजे डाइव्हनंतर विमानप्रवास केव्हा करता येईल हे दाखवणारी वेळ. डाइव्हनंतर लगेच उंचीवरील कमी दाबात जाणे धोक्याचे असते, म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या सल्ल्यानुसार एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढणे म्हणजे विमानात बसणे नव्हे, तरी समुद्रसपाटीवरून काही तासांत पाच-सहाशे मीटर उंची गाठली जाते, म्हणून दुपारी डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढण्याऐवजी मुक्काम करून सकाळी निघावे.

सिलिंडर विकत घेऊ नये. नेहमीचा सुमारे ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच १४ किलोंच्या आसपास भरतो, त्याची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी करून घ्यावी लागते, आणि सांगलीत आणून तो श्वसनयोग्य हवेने भरायचा कोठे, हा प्रश्न उरतोच. याहून चिंतेची गोष्ट म्हणजे हातपंपाने भरता येणारे छोटे सिलिंडर ऑनलाइन सहज मिळतात आणि ते विहिरीत अडकलेली मोटार काढण्यासाठी घ्यावेत, असा विचार गावाकडे होताना मी ऐकला आहे. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने १०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा डायव्हर मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो, म्हणजे ती पृष्ठभागावर पाच-सहा मिनिटे पुरेल, आणि १० मीटरवर दाब दुप्पट असल्याने जेमतेम अडीच-तीन मिनिटे पुरेल. शिवाय दाबाखालील हवा छातीत भरून श्वास रोखून वर आले, तर ती प्रसरण पावून फुप्फुसांना इजा करते आणि त्यासाठी फार खोल जावे लागत नाही. अप्रशिक्षित माणसाच्या हातात ही वस्तू देऊ नये.

ऑनलाइन खरेदी करायची ठरल्यावर विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता, वस्तूचा मूळ देश आणि परतीच्या अटी पानावर आहेत का ते पाहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये ही माहिती देणे बंधनकारक आहे. उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत ते नाव आहे का, हेही ताडून पाहावे. परदेशातून मागवताना सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क मिळवून येणाऱ्या अंतिम रकमेशीच दुकानातील किंमत ताडावी. पार्सल उघडताना सलग चित्रीकरण करावे, रेग्युलेटरचा अनुक्रमांक बिलावर लिहिलेला असावा. देशातील विक्रेत्याशी वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी सांगलीतूनच दाद मागता येते. परदेशी विक्रेत्यापुढे हा उपाय फारसा चालत नाही.

दुकानात जाण्यासाठी नाताळची सुटी किंवा रविवार निवडू नये. मालवणात त्या दिवशी केंद्रचालकाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि तुम्हाला पाच मास्क लावून पाहायचे असतात. ऑनलाइन किंमत लपवू नये, सरळ दाखवावी आणि ‘यात काय जुळवता येईल?’ असे विचारावे. किंमत उतरली नाही तरी पहिली सर्व्हिसिंग किंवा मास्कचा जादा पट्टा मिळून जातो. मात्र तासभर दुकानदाराकडून मापे काढून घेऊन त्याच्याच दारात उभे राहून मोबाइलवर मागणी नोंदवणे मला पटत नाही. पुढच्या वर्षी बोटीवर ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) तुटेल तेव्हा ती खिशातून काढून देणारा तोच असतो. सर्व्हिसिंगसाठी पावसाळा बरा, कारण तेव्हा किनाऱ्यावरील डायव्हिंग बंद असते आणि तंत्रज्ञालाही सवड असते. साहित्य घरी ठेवताना ते पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात रबर आणि निओप्रीन लवकर कडक होतात.

नवा मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स समुद्रावर नेण्यापूर्वी शहरातील तरणतलावात एकदा वापरून पाहावेत. रेग्युलेटर आणि बीसीडीची पहिली चाचणी मात्र केंद्रावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी. नव्या काचेवर कारखान्यातील अदृश्य थर असतो आणि तो राहिला तर काच आतून धुरकट होते. काचेला वेगळा लेप दिलेला नाही याची पुस्तिकेतून खात्री करून घेऊन, साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून काच धुवावी आणि हे तीन-चार वेळा करावे.