वळीव झोडपून गेला? आता या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये पुण्या-नाशिककडे दुपारभर काहिली होते, चारनंतर ढग दाटतात आणि अर्ध्या तासात वळीव गच्ची झोडपून जातो. त्या तडाख्यातून वाचलेली रोपंही पुढच्या चार दिवसांत जातात, आणि बहुतेक वेळा त्याला कारण आपली घाई असते.

माना टाकलेल्या रोपाला लगेच पाणी घालणं

ही चूक दर उन्हाळ्यात दिसते. संध्याकाळच्या पावसात कुंडी काठोकाठ भरते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कडक ऊन पडतं आणि वांगी-टोमॅटोची पानं लोंबायला लागतात. उन्हाने सुकलं असं समजून तांब्याभर पाणी ओतलं जातं, संध्याकाळी पुन्हा तेच. खरा प्रकार वेगळाच असतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे मुळांना हवा मिळत नाही, आणि हवा नसली की मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वरून आणखी पाणी पडलं की मुळं कुजायला लागतात. बुंधा तपकिरी आणि मऊ पडला की रोप वाचत नाही, कितीही महागडं औषध आणा.

म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी बंद. कुंडीखालच्या थाळ्या काढा, बुजलेली भोकं खालून जाड तारेने मोकळी करा, कुंडी दोन विटांवर मधे फट ठेवून ठेवा. चिखलच झाला असेल तर ती तासभर तिरकी ठेवून निथळू द्या. दोन दिवस दुपारी 12 ते 4 सावली द्या. यात बाटलीतलं काहीही लागत नाही, धीर मात्र लागतो, आणि नवशिक्यांकडे नेमका तोच कमी पडतो.

शेडनेट चारही कोपऱ्यांना पक्कं बांधणं

वादळात हे सावलीसाठीचं जाळीदार कापड शिडासारखं फुगतं आणि पाइप मुळासकट उपटतं. गारा साचल्या तर झोळ होऊन खालच्या रोपांवरच कोसळतं. दोन कोपरे कायमचे बांधा आणि दोन सुरगाठीने, म्हणजे ढग दाटताच एका ओढीत सोडून नेट गुंडाळता येईल. दोडका-कारल्याचा मांडवही ग्रोबॅगमध्ये (रोपं लावायच्या पिशवीत) खोचलेल्या बांबूंवर उभा करू नका, भिंतीतल्या हुकांचा आधार द्या.

गच्चीवरची पाणी जाण्याची जाळी न बघणं

पालापाचोळा आणि कोकोपीटने (कुंडीत घालतात त्या नारळाच्या भुशाने) ती हमखास तुंबते. 500 चौरस फुटांवर 5 सेंटीमीटर पाणी साचलं तर स्लॅबवर सुमारे 2,300 किलो भार येतो. जाळी पावसाआधी साफ करा, पाऊस सुरू झाल्यावर नाही.

थोडक्यात बाकीच्या

खोड नायलॉनच्या दोरीने करकचून बांधू नका, वाऱ्यात ती साल कापते. जुन्या सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गुंडाळा.

गारांनी फाटलेली सगळी पानं छाटू नका, उरलेला हिरवा भाग अन्न तयार करतोच. मातीला टेकलेली आणि पिवळी पानं तेवढी काढा.

नवी पालवी दिसेपर्यंत खत नको. युरिया तर नकोच.

दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळाली की लगेच खताला दोष देऊ नका. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वळीव नेमका तेव्हाच येतो, त्यामुळे पराग धुऊन जातात, कीटकही फिरकत नाहीत. पाऊस थांबल्यावर भिजलेलं नसलेलं नर फूल खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि त्यातला परागाचा भाग मादी फुलाच्या (ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो) मध्यावर हलकेच फिरवा. हे त्याच रात्री करावं लागतं, सकाळपर्यंत फूल मिटलेलं असतं.