मिठाच्या पद्धतीने हाडासाठी पीसीएलचा सच्छिद्र स्कॅफोल्ड कसा तयार करावा

हाड तयार करणाऱ्या पेशींना तात्पुरता आधार देणारा आणि पुढे शरीरातच विघटित होणारा सच्छिद्र सांगाडा, म्हणजे स्कॅफोल्ड, अनेक पद्धतींनी करता येतो; तरीही नव्याने काम सुरू करणाऱ्याने आधी मिठाची पद्धत (मिठाच्या कणांभोवती पॉलिमर ओतून नंतर मीठ पाण्यात विरघळवून काढण्याची) शिकावी, कारण तिला महागडे यंत्र लागत नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, हे यासाठीचे पॉलिमर सुमारे 60 अंश सेल्सिअसला वितळते आणि शरीरात पूर्ण नाहीसे व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ घेते. लवकर विरणारे पॉलिमर हवे असल्यास पीएलजीएचा (लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या सहपॉलिमरचा) विचार करावा.

या पद्धतीत छिद्रे घडवतो तो मिठाचा कण, त्यामुळे मिठाच्या तयारीत घाई करू नये. कोरडे शुद्ध सोडियम क्लोराइड 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावे आणि 250 मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेले कण घ्यावेत. साच्यात भरलेले हे कण पॉलिमर ओतण्यापूर्वी दमट हवेत काही तास ठेवल्यास स्पर्शबिंदूंवर एकमेकांना चिकटतात, आणि पुढे तेथेच छिद्रांना जोडणाऱ्या खिडक्या तयार होतात. छिद्रे भरपूर असूनही ती एकमेकांना जोडलेली नसतील, तर पेशी पृष्ठभागावरच थांबतात.

एक ग्रॅम पीसीएल पाच मिली क्लोरोफॉर्ममध्ये, फ्यूम हुडखाली आणि काचेच्याच भांड्यात विरघळवावे (पॉलिस्टायरीनची बशी क्लोरोफॉर्ममध्ये स्वतःच विरघळते, हे अनेकांना पहिल्याच दिवशी कळते). टेफ्लॉनच्या साच्यातील नऊ ग्रॅम मिठावर हे द्रावण सावकाश ओतावे, आणि क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर निर्वात कक्षात उरलासुरला अंश काढावा. वजनाने 90 टक्के मीठ घातले म्हणजे 90 टक्के सच्छिद्रता मिळाली, असे मात्र समजू नये. मिठाची घनता 2.16 आणि पीसीएलची सुमारे 1.145 ग्रॅम प्रति घनसेंमी असल्याने हिशेब 83 टक्क्यांच्या आसपास येतो.

यानंतर तुकडा ऊर्ध्वपातित पाण्यात दोन दिवस ठेवून दिवसातून तीन-चारदा पाणी बदलावे. शेवटच्या पाण्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढुरकी गढूळता आली, तर मीठ अजून शिल्लक आहे. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते, म्हणून ही चाचणी त्यावर करू नये. सुकलेल्या तुकड्याचे वजन आकारमानाने भागावे, उत्तर 0.2 ग्रॅम प्रति घनसेंमीच्या जवळ आल्यास हिशेब जुळला.

पीसीएल पाणी झिडकारते, त्यामुळे पेशी पेरण्यापूर्वी तुकडा 70 टक्के इथेनॉलमध्ये भिजवून निर्जंतुक बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुवावा. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) 121 अंशांना तो वितळूनच जाईल. रोपणासाठीच्या नमुन्यांना इथिलीन ऑक्साइड किंवा गॅमा किरणे वापरतात. पेशींचे चिकटणे वाढवायचे असल्यास द्रावणात हायड्रॉक्सीअॅपेटाइटची (हाडातल्यासारख्या कॅल्शियम फॉस्फेट खनिजाची) बारीक पूड मिसळता येते, पण मग वरचा घनतेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दाब सहन करण्याची चाचणी कोरड्या तुकड्यावर न घेता 37 अंशांच्या बफरमध्ये भिजलेल्या तुकड्यावर घ्यावी. एवढ्या पोकळ तुकड्याकडून मांडीच्या हाडाचा भार पेलण्याची अपेक्षा नसते. तेथे धातूची पट्टी लागतेच.