टू-स्ट्रोकचं पोर्टिंग: आधी माप, मग ग्राइंडर
पोर्टिंग (इंजिनच्या सिलेंडरमधली गॅस जायची-यायची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून सुधारणं) म्हटलं की सगळ्यांना आधी ग्राइंडर आठवतो, पण खरं काम मापाचं आहे, कारण एकदा घासलेलं मटेरियल परत येत नाही. सिलेंडर इंजिनवर असतानाच क्रँकला डिग्री व्हील (डिग्रीच्या खुणांची चकती) लावा, टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) नीट पकडा आणि एक्झॉस्ट (जळका गॅस बाहेर सोडणारं पोर्ट) नि ट्रान्सफर (ताजं मिश्रण आत आणणारं पोर्ट) किती डिग्री उघडे राहतात ते लिहून ठेवा. साध्या रोडच्या गाडीला एक्झॉस्ट 170-180 आणि ट्रान्सफर 120 च्या आसपास दिसेल. या दोघांच्या फरकाचा अर्धा म्हणजे ब्लोडाऊन, ट्रान्सफर उघडायच्या आधी जळका गॅस निघून जायला मिळणारा अवधी, तो कमी पडला की तोच गॅस उलटा ट्रान्सफरमध्ये घुसतो.

आता सिलेंडर काढा, आत कागद चिकटवून बसवा आणि पोर्टच्या कडांवरून पेन्सिल घासा, ठसे उमटतात, तोच तुमचा नकाशा.

पहिला हात ट्रान्सफरला, पण फक्त सफाईसाठी. केसिंग (इंजिनचा खालचा भाग), गॅस्केट आणि सिलेंडर जिथे जुळतात तिथली पायरी काढा, कास्टिंगचे खडे काढा, बास. ट्रान्सफरची दिशा बदलायच्या फंदात पडू नका.

एक्झॉस्टला आधी रुंदी, उंची सगळ्यात शेवटी. रुंदी बोरच्या (सिलेंडरच्या आतल्या व्यासाच्या) 65 टक्क्यांपर्यंत ठेवली तर पिस्टनच्या रिंगला त्रास होत नाही, पण रिंगची टोकं पोर्टवर येत नाहीत ना ते पिस्टन आत घालून बघाच. उंचीचं म्हणाल तर 54 मिमी स्ट्रोकला (पिस्टनच्या वर-खाली चालीला) वरची कड 1 मिमी उचलली की ड्युरेशन (पोर्ट उघडं राहण्याचा अवधी) जवळपास 4 डिग्री वाढतं, म्हणून अर्धा-अर्धा मिमी जा आणि दरवेळी परत मोजा. वर उचलत गेलात की टॉप एंड (वरच्या आरपीएमची ताकद) वाढतो पण खालचा पिकअप जातो, आणि सायलेन्सर तोच जुना ठेवला तर माझ्या मते उंचीला हातच लावू नये.

निकासिल (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं कडक) कोटिंगचा बोर असेल तर कानस बोरकडून पोर्टच्या आत चालवा, उलटी मारली की कोटिंगचे टवके उडतात.

शेवटी सगळ्या कडांना बारीक चॅम्फर (कड तिरकी घासणं), हे राहिलं तर रिंग अडकून तुटते. नंतर गरम पाणी नि साबणाने घासून धुवा, लगेच ऑइल लावा, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारं भोक) एक-दोन नंबर मोठा टाकून सुरुवात करा आणि स्पार्क प्लगचा रंग बघत खाली या.