जुनी गाडी विकायची? फोटो सकाळी काढा

गाडी धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसून मगच फोटो काढा. पाण्याचे थेंब सुकले की डाग राहतात आणि फोटोत रंग उडाल्यासारखा वाटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर नकोच. ट्यूबलाइटच्या पट्ट्या बॉनेटवर उमटतात. ठाण्यात असाल तर सकाळी सातच्या सुमारास उपवनच्या बाजूला एखादी मोकळी जागा बघा. ऊन तुमच्या पाठीमागून यावं, पण तुमची सावली दारावर पडू देऊ नका.

फोन गाडीच्या अगदी जवळ धरला की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आखडतो. आठ-दहा पावलं मागे या, थोडं झूम करा आणि हेडलाइटच्या उंचीवरून फोटो घ्या.

आणि खोट मुळीच लपवू नका. माझ्या १२ वर्षांच्या गाडीच्या मागच्या दाराखाली गंज धरला होता, रंगाला नखाएवढा फुगवटा. शेजारी रुपयाचं नाणं धरून मी त्याचा फोटो टाकला. बघायला आलेले काका तिथेच आधी वाकले, बोट फिरवलं, ‘फोटोत आहे तेवढंच आहे’ म्हणाले आणि थेट किमतीवर आले.

टायरवरचे तारखेचे चार आकडेही दाखवा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. मीटरचा फोटो इग्निशन चालू करून घ्या. नंबर प्लेट मात्र झाका, आणि आरसी बुकाचा फोटो जाहिरातीत टाकू नका. ते समोरासमोर दाखवा.