रानालगतची जमीन: आधी सापळे काढा, मग झाडं लावा

डोंगराच्या कडेला पाच-दहा एकर घेणारी बहुतेक माणसं पहिला खड्डा खणतात तो झाडासाठी. हेतू चांगला असतो, पण प्राण्यांच्या दृष्टीने त्या जमिनीत आधीच काही जीवघेणे सापळे तयार असतात: कठडा नसलेली विहीर, प्लास्टिक घातलेलं शेततळं, काटेरी तार, कोरड्या गवताचा वणवा. शंभर रोपं लावण्याआधी हे चार दुरुस्त केले, तर काम बरंच पुढे जातं. महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरता क्रम खाली देतो आहे. कायद्याच्या बाबी त्या-त्या कामाच्या ओघात येतील.

कागद आधी

सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तिथे ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल, तर ती जमीन साध्या शेतजमिनीसारखी वापरता येत नाही. 1975 चा खाजगी वने संपादन कायदा आणि 1980 चा वन संरक्षण कायदा तिथे लागू होऊ शकतो. त्यानंतर वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन एवढंच विचारा, की आपला गट एखाद्या अभयारण्यात किंवा पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतो का. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून अशी अधिसूचित क्षेत्रं आहेत. तिथे बांधकामापासून खोदकामापर्यंत वेगळे नियम आहेत. जमीन घेतल्यानंतर हे कळलं, तर दोष सातबाऱ्याचा नसतो.

एक वर्ष नुसतं पाहा

निदान पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू जाऊ द्या. ओढ्याच्या मऊ मातीत पहाटे पाऊलखुणा बघा, बांधावरच्या विष्ठेत केस आहेत की बोराच्या बिया, ते बघा. वहीत तारीख आणि जागा लिहा. साळिंदराचा काटा, खोकडाचं बीळ, टिटवीची उघड्यावर घातलेली अंडी, सगळं टिपा. माळावर कुसळी, मारवेल, पवना अशी गवतं असतील तर थांबा. सरकारी भाषेत ती जमीन ‘पडीक’ असते. चिंकारा, लांडगा, खोकड आणि चंडोल यांचं मात्र तेच घर आहे. अशा माळावर दाट झाडं लावली की हे प्राणी निघून जातात. ही चूक चांगल्या मनाने इतक्यांदा होते, की तिची वेगळी नोंद करावीशी वाटली.

आता सापळे

विहिरीपासून सुरुवात करा. उघड्या विहिरीत बिबटे, कोल्हे, तरस पडण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सव्वा मीटरचा कठडा उत्तम. तेवढा खर्च नको असेल, तर वर लोखंडी जाळी टाका आणि आत पाण्यापर्यंत पोहोचणारी जाड बांबूची शिडी किंवा ओंडका कायमचा सोडून ठेवा.

शेततळ्याचा धोका अजून फारसा कुणाच्या लक्षात आलेला नाही. प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर कुणाचाच पाय ठरत नाही. पाणी प्यायला उतरलेलं जनावर दमून बुडतं. लहान मुलांनाही तोच धोका असतो. भोवती कुंपण घालाच, शिवाय एका उतारावर काथ्याच्या दोरांची जाळी किंवा दोरीत ओवलेले जुने टायर वरून तळापर्यंत सोडा. हे काम एका दिवसात होतं. प्राण्यांसाठी पाणी ठेवायचंच असेल, तर वेगळा उथळ पाणवठा करा: एका बाजूने अगदी सौम्य उतार, खोली गुडघ्याखाली, जागा घर आणि गोठ्यापासून लांब.

कुंपणाचे दोन भाग आहेत. साधं कुंपण असेल तर सर्वात खालची तार बिनकाट्याची ठेवा आणि जमिनीपासून दीड फूट वर घ्या, म्हणजे ससे आणि हरणं खालून निघून जातात. पीक वाचवायचं असेल तर सौर कुंपण घ्या. त्यातला झटका क्षणिक असतो. जनावर दचकून परततं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं. थेट वीजवाहिनीवर आकडा टाकून तार सोडणं हा मात्र गुन्हा आहे. अशा तारेने रानडुकरांपेक्षा आधी शेजारचा माणूस मरतो, असं कितीदा तरी झालं आहे.

वणव्यासाठी पाऊस संपल्यावर, गवत पिवळं पडायच्या सुमारास, हद्दीने आठ-दहा फूट रुंदीची पट्टी साफ करा. वनखातं तिला जाळरेषा म्हणतं. ‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं’ हे सांगणारा भेटेलच. त्या आगीत सरडे, साप, तित्तरांची पिल्लं आणि झाडांची कोवळी रोपं जातात, हे तो सांगत नाही.

या चारांपलीकडचा पाचवा सापळा औषधाच्या कपाटात आहे. गुरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधावर 2006 मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेल्या जनावराचं मढं खाल्लेली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. पुढे 2023 मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही बंद झाली. पशुवैद्याला स्पष्ट सांगा की मेलॉक्सिकॅमच द्या. उंदरांसाठी विष घालण्याऐवजी शेतात पक्षीथांबे उभारा. घुबड आणि धामण दोघंही त्या कामात तरबेज आहेत, आणि मजुरी मागत नाहीत.

झाडं, पण कुठली

माळ सोडून ओढ्याकाठी, बांधावर, घळीत लावा. उंबर, जांभूळ, करवंद, बोर, पळस, काटेसावर, बेहडा. जंगल लवकर दिसावं म्हणून सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावायचा मोह टाळा. घाणेरी काढायची असेल तर एकदम सगळी उपटू नका. पक्षी आणि ससे तिच्यात दडतात. पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या पट्ट्यात करवंद रुजलं की पुढच्या पट्ट्याला हात घाला.

आपल्याच जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागू शकते. 1964 च्या झाडे तोडणे (विनियमन) कायद्यात साग, चंदन, मोह, हिरडा, खैर, ऐन, आंबा, चिंच, जांभूळ, फणस अशी झाडं अनुसूचित आहेत. वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. ठेकेदार म्हणतो ‘मी बघून घेतो’, पण नोटीस मालकाच्या नावे येते.

पीक गेलं, शेळी गेली तर

1972 चा वन्यजीव (संरक्षण) कायदा खाजगी जमिनीवरही तितकाच लागू आहे. त्यात शिकारीचा अर्थ फार रुंद आहे: फासा लावणं, वाघूर (जाळं) टाकणं, आमिष ठेवणं, पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं हे सगळं त्यात मोडतं. 2022 च्या दुरुस्तीने या कायद्याची परिशिष्टं, म्हणजे संरक्षित प्रजातींच्या याद्या वगैरे, सहाची चार झाली. मोर, बिबट्या, लांडगा, घोरपड, खवले मांजर पहिल्यात आहेत, आणि त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या परिशिष्टात आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासह शिकारीची परवानगी देऊ शकतो. कागद हातात येईपर्यंत काही करू नका.

नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा. नुकसानभरपाईसाठी कळवण्याची मुदत तासांत आणि दिवसांत मोजली जाते. मेलेलं जनावर हलवू नका, आधी फोटो काढा, पंचनामा होऊ द्या.

बिबट्या दिसल्याबरोबर ‘पिंजरा लावा’ ही मागणी होते. जुन्नर परिसरात 2000 नंतरच्या काही वर्षांत पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले घटले नाहीत, वाढले. आपल्या भागातला बिबट्या बहुधा आपल्याला आधीपासून चुकवतच राहत असतो. त्यापेक्षा गोठ्याला छप्पर आणि दार लावा, भटकी कुत्री आणि उघडा कचरा कमी करा, अंधारात एकटं वाकून बसू नका.

आणि ऊसतोडीत बछडी सापडली, तर त्यांना घरी आणू नका, फोटोसाठी हातोहात फिरवू नका. आई जवळपासच असते. तोडणी थांबवा, 1926 वर फोन करा. वनखात्याची माणसं तपासणी करून त्यांना संध्याकाळी त्याच जागी टोपलीत किंवा खोक्यात ठेवतात आणि लांबून कॅमेऱ्याने पाहतात. ती रात्र त्या बाजूला कुणी फिरकू नये, एवढं मजुरांना सांगून ठेवा. सकाळी खोकं रिकामं दिसलं, की कोयते पुन्हा चालू द्या.