ऑटिझम, एडीएचडी, लर्निंग डिसॅबिलिटी: असेसमेंटला जायच्या आधी काय तयारी करायची

शाळेतनं "एकदा असेसमेंट करून घ्या", म्हणजे मूल कुठे आणि का अडतंय ते सायकॉलॉजिस्टकडनं तपासून घ्या, असं सांगितलं की बरेच पालक दोनपैकी एक काहीतरी करतात, एकतर रात्र रात्र नेटवर लक्षणं वाचत बसतात, नाहीतर "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले" म्हणून विषयच बंद करतात. दोन्हीचा काही उपयोग नाही. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थोडं थांबावं लागतंच आणि तो मधला वेळ जे नीट वापरतात त्यांच्या हातात कामाचा रिपोर्ट येतो, हे माझं ठाम मत आहे. सायकॉलॉजिस्ट मुलाला बघून बघून किती बघणार, काही तास. बाकी सगळी माहिती तुमच्याकडनं आणि शाळेकडनंच जायची असते.

आधी प्रश्न ठरवा. "जरा बघा ना काय आहे ते" हा प्रश्न नाही झाला. "तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं देतो पण लिहायला बसला की अर्ध्या तासात तीन ओळी होत नाहीत, असं का?" हा प्रश्न झाला. "चार वर्षांची आहे, शब्द भरपूर आहेत, पण हाक मारली तर वळत नाही आणि काही आवडलं तर आपल्याला दाखवायला आणत नाही" हा पण झाला. कुठल्या टेस्ट घ्यायच्या ते या प्रश्नावरनं ठरतं, नाहीतर सगळ्यांना सरसकट एक आयक्यू टेस्ट करतात आणि हातात एक आकडा देतात, ज्याचं पुढे काय करायचं ते कोणालाच कळत नाही.

मग एक वही करा आणि त्यात प्रसंग लिहा, मतं नकोत. "चंचल आहे, लक्ष देत नाही" हे मत. प्रसंग असा लिहायचा: "दहा गणितं दिली, बेरीज-वजाबाकी मिसळून. पहिली चार बरोबर. पाचव्यात वजाबाकी होती तिथे बेरीज केली, आणि मग शेवटपर्यंत सगळ्यांची बेरीजच. चिन्हावर बोट ठेवलं तर लगेच स्वतःच बरोबर केलं." आता हे वाचून तज्ज्ञाला कळतं की गणित येतंय, लक्ष सुटतंय. याउलट बाजूला बसून पाच वेळा समजावलं तरी हातचा का घ्यायचा हेच डोक्यात शिरत नसेल तर ती वेगळीच अडचण आहे. मार्क दोघांनाही सारखेच पडतात हो! वाचनाचं पण तसंच, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकतो का, जोडाक्षर आलं की गाडी अडते का, वेलांटी-मात्रा गाळतो का, की वाचतो छान पण काय वाचलं ते विचारलं तर सांगता येत नाही, हे नेमकं लिहा. वर्गातल्या वह्यांची दोन-चार पानं सोबत न्या, खाडाखोड असलेलीच न्या, फेअर वही नको.

त्याच वेळात कान आणि डोळे तपासून घ्या. हे सगळ्यात स्वस्तातलं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम. कमी ऐकू येणारं मूल हाकेला ओ देत नाही, फळा न दिसणारं मूल खिडकीबाहेर बघतं, आणि घोरणारं, रात्री नीट झोप न होणारं मूल दिवसा अगदी एडीएचडीसारखं (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) वागू शकतं. शाळेत कोणी त्रास देतंय का, घरात काही मोठं घडलंय का, हे पण मोकळेपणाने सांगा, भीती आणि टेन्शनने सुद्धा लक्ष उडतं.

एडीएचडीसाठी शाळेचा फॉर्म का मागतात ते सांगतो कारण तिथे पालक फार चिडतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ (डायग्नोसिसचे निकष सांगणारं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे दोन याद्या आहेत, लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि अतिचंचलपणा-उतावीळपणाची ९, त्यातल्या एका तरी यादीतली ६ लक्षणं कमीत कमी ६ महिने असावी लागतात (१७ वर्षं आणि पुढे ५ चालतात), त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून दिसायला हवीत, आणि ती दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे घरी पण आणि शाळेत पण. मग शाळेला विचारल्याशिवाय कसं चालेल? व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्स असे वागण्याबद्दलच्या प्रश्नांचे फॉर्म असतात ते टीचरना वेळेवर द्या, आणि आई-बाबांनी वेगवेगळे भरा, एकमेकांचं बघून नको. उत्तरं जुळली नाहीत तरी काही बिघडत नाही, ती पण माहितीच असते. कॉम्प्युटरवरची लक्षाची टेस्ट घेऊन वीस मिनिटांत कोणी एडीएचडी आहे किंवा नाही असं सांगत असेल तर तिथनं उठा, ती टेस्ट जोडीला ठीक आहे, एकटीवर डायग्नोसिस होत नाही.

ऑटिझमचं (दुसऱ्यांशी संवाद साधणं, मिसळणं अवघड जातं त्याचं) वेगळं. त्याला ना रक्ताची टेस्ट आहे ना स्कॅन, बघूनच ठरवतात. लहान मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या वयासाठी, पण ती फक्त चाळणी आहे, तिच्यात जास्त मार्क आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही आणि कमी आले म्हणून शंका असून गप्प बसायचं असंही नाही. पुढे बऱ्याच ठिकाणी एडॉस-२ करतात, मुलाशी खेळत-बोलत त्याचं वागणं बघायची टेस्ट. साधारण ४० मिनिटं ते तासभर चालते आणि बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं की नुसतं खेळवलं, टेस्ट कुठे केली? पण साबणाचे फुगे उडवून मधेच थांबतात ना, तेव्हा मूल काय करतं ते बघत असतात, नुसता डबीकडे हात करतं, की डबीकडे बघून मग समोरच्याच्या डोळ्यांत बघतं, "अजून कर" सारखं. त्या दोन सेकंदांवर बरंच अवलंबून असतं. म्हणून तुम्हाला आत बसवलं असेल तर "दाखव ना, बोल ना" असं मागनं ढोसू नका प्लीज. याशिवाय तुमची मोठी मुलाखत होते, पहिला शब्द कधी, बोट दाखवायला कधी लागला, तर जुने व्हिडिओ बघून तारखा काढून ठेवा. मुलींच्या बाबतीत एक सांगायचंय, काही मुली दुसऱ्यांची नक्कल करून वर्गात अगदी नॉर्मल दिसतात आणि घरी आल्यावर कोसळतात, हे घरचं चित्र तुम्ही नाही सांगितलं तर ते कोणाला दिसणारच नाही.

अभ्यासाच्या अडचणीसाठी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीसाठी, आयक्यू आणि वाचन-लेखन-गणिताच्या टेस्ट अशा दोन्ही होतात. ६ ते १६ वयासाठी विस्क-५ ही आयक्यू टेस्ट खूप ठिकाणी वापरतात. सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. त्यात पाच भाग असतात, भाषेतली समज, आकृत्यांची समज, तर्क, वर्किंग मेमरी (माहिती डोक्यात धरून काम करणं) आणि प्रोसेसिंग स्पीड (सोपी कामं किती पटकन होतात ते). समजा भाषा १२५ आणि स्पीड ८०, तर एकूण आकडा बघून "ठीकच आहे की" वाटतं, पण खरी अडचण त्या दरीतच असते, त्यामुळे पाचही आकडे मागा. टेस्ट कुठल्या भाषेत घेणार ते आधीच विचारा, घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असेल तर भाषेचा स्कोर उगाच खाली येऊ शकतो. पर्सेंटाइलला टक्के समजू नका, २५ पर्सेंटाइल म्हणजे त्या वयाच्या शंभरातली साधारण २५ मुलं मागे आहेत, नापास नव्हे. आणि शाळेची नीट सुरुवातही झाली नाही अशा मुलाला डिस्लेक्सिया (वाचनाची लर्निंग डिसॅबिलिटी) आहे म्हणून कोणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध राहा, कमीत कमी ६ महिने जादा मदत देऊनही अडचण तशीच राहते का ते बघावं लागतं.

टेस्टची तयारी करून घेऊ नका. नेटवर नमुने सापडतात आणि मोह होतो, पण मग स्कोर फुगतो आणि मिळणारी मदत जाते. त्याच कारणाने एकीकडचा आकडा आवडला नाही म्हणून लगेच दुसरीकडे तीच टेस्ट करण्यात अर्थ नाही, आधीचा रिपोर्ट दाखवा. मुलाला "खेळायला जायचंय" अशी थाप मारू नका आणि "परीक्षा आहे" असंही नको, "तुला काय सोपं जातं, काय अवघड जातं ते एक ताई बघणार आहेत, काही प्रश्न मुद्दामच अवघड असतात" एवढं पुरतं. चष्मा न्या. लक्षाची गोळी चालू असेल तर त्या दिवशी द्यायची का ते डॉक्टरला विचारून ठरवा, मनानं बंद करू नका.

रिपोर्ट मेलवर घेऊन मोकळे होऊ नका, समोर बसून समजून घ्या. ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असू शकतात, २०१३ च्या आधीच्या डीएसएममध्ये तसं लिहायला परवानगी नव्हती त्यामुळे "एकच काहीतरी असतं" असं अजून ऐकू येतं. डायग्नोसिसच्या ओळीपेक्षा शेवटची शिफारशींची पानं जास्त वेळ वाचा. "पालकांचे समुपदेशन करावे, सराव वाढवावा" एवढंच असेल तर तिथेच विचारा की वर्गात उद्यापासून काय बदलायचं? पेपरला किती जादा वेळ, फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी छापील कागद चालेल का, सूचना एका वेळी एकच द्यायची का, हे लिहूनच घ्या. काहीच निघालं नाही तरी अडचण खोटी ठरत नाही, मग ती कशामुळे आहे ते विचारा. आणि शाळेत पूर्ण रिपोर्ट द्यायलाच हवा असं नाही, त्यात घरातल्या खाजगी गोष्टी असतात. डायग्नोसिस आणि शिफारशी एवढीच पानं वेगळी करून मिळतील का ते सायकॉलॉजिस्टला विचारा, आणि ती देताना क्लास टीचरसोबत बसून यातलं कुठलं कधीपासून सुरू होणार ते तारखेसकट ठरवूनच बाहेर पडा.